उरलेलं एक काडतूस

"तुमचा हिरो घाबरत नाही," व्हिडिओ कॉलवर हेलेनाबाई म्हणाल्या. बाई स्वीडनच्या, आम्हाला गेमचं काम देणाऱ्या कंपनीच्या; बोलल्या अर्थात इंग्रजीत. पण मराठीत त्याचा अर्थ एवढाच, की तुमचा हिरो भुताच्या बंगल्यात वरातीत निघाल्यासारखा फिरतोय. शेजारी बसलेल्या निनाद सरांचा, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकांचा, चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता तो टेबलाखाली शोधावा लागणार.

"शुक्रवारी परत दाखवा. नाही जमलं तर पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओला," बाई म्हणाल्या आणि कॉल बंद झाला. वार होता सोमवार. पुढचं काम म्हणजे दोन वर्षांचं काम. सावेडीतला आमचा सात माणसांचा स्टुडिओ त्याच एका कामावर उभा होता.

मी गेम अ‍ॅनिमेटर आहे. गेममधली माणसं हातपाय कसे हलवतात, ते मी ठरवते. (बेलापूरला आईला अजून वाटतं, मी लहान मुलांसाठी कार्टून काढते. तिला भुतं दाखवायची माझी हिंमत नाही.) हा गेम 'सर्व्हायव्हल हॉरर' जातीचा. त्यात शूरपणा करायचा नसतो, कसंबसं जिवंत राहायचं असतं. भुतं पोत्यानं, गोळ्या चिमूटभर. हिरोच्या हातात दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक, आणि माझ्याकडे काम होतं तिच्या रिलोडचं, म्हणजे उडवलेली बंदूक मधे मोडून उघडण्याचं आणि पुन्हा भरण्याचं.

त्यासाठी लागतो 'रेफरन्स', म्हणजे नक्कल करायला खऱ्या माणसाचा व्हिडिओ. मी चार लाख व्हिडिओ पाहिले असतील. सगळ्यांत दंड फुगवलेले बाप्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत बंदूक भरत होते. माझा हिरोही तसाच भरायचा. ऑलिम्पिकला गेला असता तर मेडल घेऊन आला असता.

मंगळवारी वैतागून चहाला खाली उतरले. आमच्या स्टुडिओखाली एका बँकेची शाखा आहे. दारात रंगनाथकाका बसलेले. फौजेतून रिटायर, गाव काष्टी, मिशा मोटारसायकलच्या हँडलएवढ्या. आणि मांडीवर दोन नळ्यांची बारा बोअर. तीन वर्षं मी त्यांना रोज नमस्कार करत वर जात होते. वर जाऊन बंदुकीचे व्हिडिओ शोधत होते.

"काका, बंदूक जरा दाखवता?"

"लांबून बघा, ताई. हात लावायचा न्हाई. म्यानेजरनं मागितली तरी मी देत न्हाई."

"भरतात कशी, तेवढं तरी?"

"ड्यूटीवर? हितं मी बंदूक उघडली तर आतलं सगळं गिऱ्हाईक फरशीवर झोपंल."

मग मी हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पाईपाचे दोन तुकडे आणले, दाराच्या बिजागरीवर बसवले आणि काडतुसं म्हणून डिंकाच्या कांड्या घेतल्या. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बंदूक आत जमा करून काका वर आले. मी कॅमेरा चालू केला. माझा पाईप बघून म्हणाले, "हिनं चिमणी बी हसंल." पण उघडला, दोन कांड्या सारल्या, खटकन मिटला. दीड सेकंद. त्या फुगलेल्या दंडवाल्यांसारखंच. माझं तोंड कडू झालं.

निदान आमचं काम तरी दाखवावं म्हणून लॅपटॉप पुढे केला. हिरोनं एक गोळी झाडली आणि लगेच बंदूक उघडून भरायला लागला. समोरून भूत येतंय.

"ह्यो खुळा हाय का?" काका म्हणाले.

"का हो?"

"एक नळी उडाली, एक भरलेली हाय. समोर ते आलंय. आन् ह्यो बंदूक उघडून बसला!"

"पण भरायला नको?"

"उघडली की दोन्ही गेल्या. हुती ती बी गेली. तेवढा येळ हातात निस्ता पाईप." मग मान पुढे काढून, "आन् किती ऱ्हायल्या ते ह्याला कळतं कसं?"

"कोपऱ्यात आकडा येतो, काका."

काकांनी स्क्रीनचा कोपरा नीट बघितला. "आमच्या कोपऱ्यात कदी आला न्हाई."

मी कॅमेरा चालूच ठेवला, ही माझी आयुष्यातली सर्वांत मोठी हुशारी.

"काष्टीला उसाला पानी द्याला गेल्तो एकदा सकाळी," काका सांगायला लागले. "बांधावर बिबट्या. खांद्यावर माझी बंदूक हुती, एक नळी हवेत उडवली. भाद्दर हललाच न्हाई."

बोलता बोलता त्यांचा डावा हात पाईप घट्ट मिटून धरायला लागला. उजव्या हाताचा अंगठा कमरेच्या पट्ट्यावरून सरकत गेला, नसलेली काडतुसं एकेक चाचपत. नजर समोरच्या भिंतीवरून हलेना.

"मग?"

"मग काय, हुबा ऱ्हायलो. उघडावी तर मेलो, उडवावी तर संपली. पाय असं लटपटत हुतं की निम्मा बांध ढासळला. शेवटाला त्योच कटाळून गेला."

मी त्या दिवशीच सरांना सांगितलं, कोपऱ्यातला आकडा काढायचा.

"अश्विनी, लोक शिव्या देतील."

"घाबरून देतील, सर. बाईंना तेच हवंय."

दोन दिवस मी खुर्चीतून उठले नाही. खुर्चीला मुळं फुटली असं स्टुडिओत सांगतात. आता किती काडतुसं उरली हे बघायचं तर हिरोचा अंगठा पट्ट्यावरून फिरतो, तेवढ्यावरून ओळखा. बंदूक उघडली तर चार सेकंद नजर खाली हातावर, समोरचं काही दिसत नाही. आणि एका बोळात मी एक सोय ठेवली: गोळी न झाडता उभे राहिलात, तर भूत निघून जातं.

शुक्रवारी कॉलवर हेलेनाबाई स्वतः खेळल्या, आम्हाला त्यांची स्क्रीन दिसत होती. बोळात आल्या तेव्हा एक नळी उडालेली, पट्ट्यावर एकच काडतूस उरलेलं. समोर ते. अंगठा पट्ट्यावरून फिरला, परत फिरला. बाई थांबल्या. आमच्या ऑफिसातला पंखासुद्धा थांबला. नंतर कळलं, लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालू होते.

भूत गेलं. बाईंनी हेडफोन काढला. "मला ती बंदूक उघडायचीच नव्हती," म्हणाल्या. "पुढचं काम तुमचंच. सोमवारी कागद पाठवते."

मी पेढे घेऊन जिना उतरले नाही, गडगडत गेले. काकांनी डावा तळहात पुढे केला. "ह्याच्यावर ठेवा. उजवा मोकळा न्हाई." मी पाया पडले तर म्हणाले, "उठा, कॅमेऱ्यात दिसतंय सगळं."

गेमच्या शेवटी जी नावं येतात, त्यात 'शस्त्र सल्लागार' म्हणून पहिलं नाव रंगनाथकाकांचं आहे. त्यांची एकच अट होती: नावाआधी हवालदार लागलं पाहिजे. लागलंय. आमच्या सातही जणांच्या नावांपेक्षा दोन पॉइंट मोठ्या अक्षरांत.

बाकी शिकायला मिळालं ते थोडकंच. बंदूक कशी भरतात हे कुणीही दाखवतं. ती भरू का नको, असा प्रश्न पडलेला माणूस मात्र भेटावा लागतो, आणि तो भेटला की आधी कॅमेरा चालू करावा.