दारातली तार

पद्माकर पोतनिसांना आयुष्यात एकही खिळा सरळ ठोकता आला नव्हता, पण खिळा कसा ठोकावा हे त्यांनी पुष्कळांना सांगितलं होतं. बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळत. सांभाळत म्हणजे, काम करणाऱ्या माणसांच्या मागे हात बांधून उभे राहत. निवृत्त झाल्यावर उभं राहायला कोणाची पाठ उरली नाही, तेव्हा ते नीराच्या मागे येऊन उभे राहिले. तव्यावरची पोळी उलटायची वेळ झाली की म्हणत, "आता उलट." आणि ती उलटली की, "बघ, सांगितलं म्हणून करपली नाही."

नीराने शाळेत मराठी शिकवण्यात उभी हयात घालवली होती. समोर बसलेल्या मठ्ठपणाला शांतपणे तोंड कसं द्यावं हे तिला येत होतं. पण शाळा सुटल्याची घंटा होते. इथे ती होत नव्हती.

मुलगी आभा नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि नीराने तिची खोली घेतली. कोणाला न विचारता आपलं टेबल तिथे नेऊन ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला आतून कडी लावता येईल असं दार मिळालं होतं, न्हाणीघर सोडलं तर. आभाचा जुना ॲपलचा कॉम्प्युटर तिथेच होता. पुण्याची एक कंपनी पुस्तकं वाचून घ्यायची आणि लोकांना ऐकवायची. नीराने त्यांना आपला आवाज पाठवला. तिथल्या इराने तो पसंत केला आणि एका नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचायला दिलं. ते स्वच्छ उतरलं तर सगळं पुस्तक नीराचं, नाहीतर दुसऱ्या कोणाचं.

"स्वच्छ म्हणजे काय, ताई," इरा फोनवर म्हणाली, "मागे कुकरची शिट्टी नको, टीव्ही नको. दार लावून बसा, बास."

हे पद्माकरांच्या कानावर गेलं आणि घरात काम निघालं याचा त्यांना आनंद झाला.

"तू वाचलेलं जाणार परस्पर पुण्याला? कोणी तपासायला नको?" ते म्हणाले. "माझं मशीन हॉलमध्ये, तुझं आत. दोन्ही जोडून टाकतो. फाइल मला इथे बसून दिसेल. मी बराबर आहे म्हटलं की मग पाठव."

"तुम्ही माझं मराठी तपासणार?"

"का? मी काय गुजराती आहे?"

ते गुजराती नव्हते. सकाळी भाजीवाल्याशी, दुपारी बँकेशी आणि संध्याकाळी बागेत गुजराती बोलून घरी आल्यावर जे उरायचं ते त्यांचं मराठी होतं.

त्यांचा कॉम्प्युटर विंडोजचा, पोत्याएवढा आणि तितकाच चपळ. विंडोज आणि ॲपल एकमेकांना ओळख देत नाहीत असं ते दोन दिवस सांगत फिरले, जणू दोन घराण्यांतली सोयरीक त्यांनाच जमवायची होती. हिंदीतले व्हिडिओ पाहून त्यांनी ठरवलं की तार टाकायची. नवी तार आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. कारखान्यातून निरोपाच्या वेळी आणलेले तारेचे दोन तुकडे माळ्यावर होते. ते त्यांनी मधोमध पीळ देऊन जोडले आणि वर काळी टेप गुंडाळली. जोड फुगला, कबुतर गिळलेल्या सापासारखा.

तार हॉलमधल्या राउटरपासून भिंतीच्या कडेने नीराच्या खोलीपर्यंत आली. भिंतीला भोक पाडायचं तर माणूस बोलवावा लागला असता, आणि तो आधी हसला असता. म्हणून तार दारातून आत गेली. दार लावलं तर ती चेपणार, म्हणून पद्माकरांनी दाराखाली पुठ्ठ्याची पाचर मारली. दार वीतभर उघडं राहिलं.

"मला दार लावून बसायचंय," नीरा म्हणाली.

"वीतभराने काय होतं? आवाज काय हत्ती आहे?"

आवाज हत्ती नव्हता, म्हणूनच तो आरामात आत आला. नीराच्या पहिल्या वाचनात नायिका आईच्या निधनाची बातमी ऐकते तिथे हॉलमधून पद्माकर फोनवर घासाघीस करताना ऐकू येत होते, "भई, छेल्लो भाव बोलो ने!" तिने ते पुसून पुन्हा वाचलं. मग शेजारच्या घरातला मिक्सर. मग पुन्हा.

मशीन मात्र एकमेकांना दिसेनात. पद्माकरांनी दिवसभर जोड दाबला, सोडला, त्यावर फुंकर मारली. शेवटी आभाला फोन लावला.

"बाबा, तार कशाला?" आभा हसतच सुटली. "तुमचं मशीन राउटरला लावलेलं आहे, आईचं वायफायवर आहे. एकच नेटवर्क झालं की. आईच्या सेटिंगमध्ये शेअरिंगची खूण करा, पासवर्ड द्या. संपलं."

"वायफाय हवेतून येतं. हवेचा काय भरवसा?" म्हणून त्यांनी फोन नीराकडे दिला. आभाने सांगितलं तिथे नीराने खूण केली. पोतनिसांच्या पडद्यावर नीराचं फोल्डर उघडलं.

"आली ने तारेतून!" पद्माकर ओरडले.

नीराने फोन ठेवला. त्या तारेचा या सगळ्यात किती भाग आहे हे तिला कळलं होतं, आणि नवऱ्याला ते कधीच कळणार नाही हेही.

पुढच्या दिवशी दुपारी ते देण्याघेण्याच्या कामाला बाहेर गेले, शेजारचे झोपले, आणि तिला हवी तशी शांतता मिळाली. प्रकरण शेवटी स्वच्छ उतरलं. तिने दोनदा ऐकलं. आपला आवाज तिला पहिल्यांदाच परका आणि चांगला वाटला. मग ती स्वयंपाकाला लागली. तोवर पद्माकर परत येऊन आपल्या कॉम्प्युटरपुढे बसले होते. जेवणं आटोपल्यावर ते "बराबर आहे" म्हणाले आणि तिने फाइल पुण्याला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इराचा फोन आला. ती हसू आवरत होती.

"ताई, वाचन सुंदर झालंय. पण सुरुवातीला ते काका कोण बोलतायत?"

"कोण काका?"

इराने ऐकवलं. घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग: "नमस्कार श्रोतेहो. आता ऐका सौ. नीरा पोतनीस. बडोदे संस्थानच्या खजिन्याचे मोठे अधिकारी कै. रावसाहेब शरच्चंद्र पोतनीस यांच्या या नातसून. पोतनीस घराण्याची सरकारदरबारी सेवा…" ते बराच वेळ चाललं होतं. घराण्याचं मूळ गाव येऊन गेलं, मग पद्माकरांचं स्वतःचं पद आलं. मग एकदम नायिकेची आई वारली.

"आमच्या साहेबांनी ऐकायच्या आत नवीन पाठवता का?" इरा म्हणाली. "ते दुपारी ऐकणार आहेत. आणि ताई, अशा गोष्टी त्यांना चालत नाहीत."

नीरा हॉलमध्ये आली. पद्माकर चहा बशीत ओतत होते.

"माझ्या फाइलीत तुम्ही बोललात?"

"मग? आपल्यात कोणाला व्यासपीठावर नुसतं उभं करतात का? कोण, कुठली, कोणाच्या घरातली, हे आधी सांगावं लागतं. आपल्या मराठी मंडळात मी नेहमी सांगतो. सरस झालं ने?"

"आणि मूळची फाइल?"

"तुझ्या सुरुवातीवरच माझं बोलणं बसवलं आणि त्याच नावाने जमा केली. दोन-दोन ठेवून गोंधळ कशाला?"

रावसाहेब सरकारवाड्याच्या दिव्यांचं तेल मोजून देत, हे सासूबाईंनी एकदा चिडून तिला सांगितलं होतं. आज ते ओठांवर आलं होतं. पण तेवढा वेळही या माणसावर खर्च करावासा तिला वाटला नाही.

ती खोलीत गेली. सेटिंगमधली खूण काढली. तार उपसून उंबऱ्याबाहेर टाकली, पाचर पायाने उडवली, दार लावलं आणि कडी घातली. मग घोटभर पाणी प्यायली आणि प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

मध्येच दारावर थाप पडली. "नीरा! तुझं मशीन दिसत नाही!"

तिने थांबून उत्तर दिलं, "मी बंद केलंय."

"तू? तुला काय बंद करता येणार! जोड सुटला असेल."

पावलं लांब गेली. टेप ओढल्याचा आवाज दाराआड जेमतेम आला. तिने तेवढं वाक्य पुन्हा वाचलं. दुपारच्या आत फाइल गेली. संध्याकाळी इराचा निरोप आला: पुस्तक तुमचं.

पुढे बऱ्याच दिवसांनी शहराच्या समा भागातून मोहनराव आले. ते पद्माकरांच्या मंडळातले. पद्माकरांनी त्यांना राउटर दाखवला, भिंतीच्या कडेने नेलं, जोडाला हात लावून दाखवला. जोड आता नारळाएवढा झाला होता. तार नीराच्या बंद दारापाशी संपत होती.

"आणि इथून पुढे?" मोहनरावांनी वाकून विचारलं.

"पुढे आत जाते."

"चालू आहे ने?"

"एकदम सरस! जरासा जोड बघायचा राहिलाय."

नीराने दोघांच्या हातात चहा दिला. आपला कप घेऊन ती तारेचं टोक ओलांडून आत गेली, आणि कडी लावली.