व्हॅनिलाचा डबा

कॅनडात, रेजिनात मी घरी लोकांची मुलं सांभाळायचे, रीतसर लायसन्स घेऊन. इन्स्पेक्शन म्हटलं की माझं डोकं फिरायचं. सरकारी बाई न कळवता यायची, बूट दारात काढून मोज्यांनी घरभर हिंडायची. नळाच्या गरम पाण्यात थर्मामीटर धरायची, ब्लाइंड्सच्या दोऱ्या किती खाली लोंबतात ते बघायची, बेसमेंटच्या जिन्यावरचं फाटक हलवून बघायची. मी मनात म्हणायचे, बाई गं, माझी दोन पोरं याच घरात वाढली, कुणाला काही झालं का? तोंडाने मात्र, ‘कॉफी घेणार?’ कारण लायसन्स तिच्या सहीवर होतं, आणि ते गेलं की माझं काम बंद.

त्या वर्षी माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी होती. भारी बडबडी, आणि शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी. एक दाणा पोटात गेला तरी श्वास अडकायचा. तिच्या आईने पहिल्याच दिवशी इंजेक्शन आणून दिलं आणि मांडीत कसं टोचायचं ते दोनदा करून दाखवलं. “घरात शेंगदाणा नको,” ती म्हणाली. मी म्हटलं, नाही ठेवणार. चिवडा गेला, चटणी गेली, पीनट बटर नवरा ऑफिसात घेऊन गेला.

पण दाण्याचं कूट? ते काही माझ्याच्याने सुटेना. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय कशी करायची, सांगा! म्हणून एका रविवारी दाणे भाजून कूट केलं, व्हॅनिला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि फ्रीझरमध्ये मागे ढकललं. आपल्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असतं तरी कधी? सगळी मुलं घरी गेली की काढायचं, नंतर ओटा साबणाने पुसायचा. मी किती काळजी घेते, असंच मला वाटत होतं.

जानेवारीत बाई आली. पाणी, दोऱ्या, फाटक, सगळं ठीक निघालं. मग तिने फ्रीझर उघडला आणि मटारच्या पिशव्या बाजूला सारून तो डबा बाहेर काढला. मुलगी आमच्या मागोमाग आलेलीच होती.

“आइस्क्रीम!” ती ओरडली, आणि बाईला इंग्रजीत सगळं सांगायला लागली. “आंटी म्हणते ते फक्त मोठ्यांचं आहे. पण मला माहितीये कुठे असतं ते. खुर्ची लावली की माझा हात पोचतो.”

खरंच म्हटलं होतं मी तसं. एकदा मटार काढताना तिने डबा पाहिला, हट्ट धरला, आणि मी ‘मोठ्यांचं आहे’ म्हणून तिला वाटेला लावलं. कप्पाळ माझं!

बाईने झाकण उघडलं. “हे काय आहे?”

‘मसाला’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तिला काय कळणार होतं? पण पोरगी टाचा उंच करून डब्याकडे हात नेत होती. मी डबा बाईच्या हातातून हिसकावलाच, झाकण दाबून डोक्यावर धरला आणि म्हटलं, “शेंगदाणे.”

बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डबा पिशवीत बांधून बाहेर नेऊन ठेवायला लावला, सगळ्यांचे हात धुवायला लावले, कागद भरला. मग म्हणाली, हिच्या आईला तुम्हीच फोन करा, आत्ता, माझ्यासमोर. मी केला. लाजेने मेले होते अगदी. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तिला माहीत होतं, डबा कुठे आहे ते?”

“हो,” मी म्हटलं. अर्ध्या तासात ती न्यायला आली.

लायसन्स राहिलं. एक शेरा आणि महिन्याभराने पुन्हा तपासणी, एवढ्यावर भागलं. मुलगी मात्र परत आली नाही. त्या दिवशी दारात तिची आई तिला स्नोसूट चढवत होती, आणि ती माझ्याकडे बघून विचारत होती, “मी मोठी झाले की मला देशील ना ते आइस्क्रीम?”