एका नर माशीसाठी

माशीच्या मागे हिंडणाऱ्यांकडे किस्से आपोआप जमतात. माशी मात्र जमत नाही!

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातले आम्ही तिघं. मी शिकवतो, शुभांगी पीएचडी करते आणि नाना जीप चालवतात. चौसाळ्यापलीकडच्या डोंगरात, झाडीत शुभांगीला एक स्टिलेटो माशी मिळाली. अंगावर चंदेरी लव, पोट सुईसारखं निमुळतं. जंगलात राहणारा हा वंश इतका दुर्मिळ की आम्ही तिथंच नाचलो! पण ती निघाली मादी. नर मिळाल्याशिवाय ओळख पक्की होत नाही आणि शुभांगीचा अख्खा प्रबंध त्या ओळखीवर. नर उडतो वर्षातून थोडेच दिवस. हुकला की वर्ष गेलं!

*

झाडीत शेळ्या राखणाऱ्या एका बाबांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"चावती का?"

"नाही."

"मध देती?"

"नाही, बाबा."

"रोग तरी?"

"तोही नाही."

बाबांना आमची दया आली. "मग कावून उन्हात जीव जाळता, सर? घरी भांडण झालंय का?"

*

नानांनी गावात सांगून टाकलं, "नर घावला तर साऱ्या जगात गावाचं नाव हुईल!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या बाटल्या यायला लागल्या. घरातल्या माश्या, चतुर, एक काजवासुद्धा! एका मावशींनी तर स्टीलचा डबाच दिला. शुभांगीनं जीपमध्ये बसून उत्साहानं झाकण उघडलं. आत गांधीलमाश्या! आम्ही मिळेल त्या दारानं बाहेर.

नाना लांब उभे राहून म्हणाले, "सर, गाडी आता त्यांचीच हाय. आपण एस्टीनं जाऊ."

*

झाडीत आम्ही जाळीचा तंबू लावला होता. माशी उडत आत शिरते, वर चढते आणि बाटलीत पडते. काही दिवसांनी बघतो तर बाटलीत चिलटही नाही! तंबूवर ताडपत्री, कडेनं दगड, भोवती चर खणलेला. शेजारी ऊसतोडीहून परतलेले एक काका अभिमानानं उभे.

"सारा जन्म पालात गेला, सर. तुमचं पाल बघवंना मला. आता वळवाचा थेंब आत यायचा न्हाई!"

"आणि माशी, काका?"

"माशी तर मुळीच न्हाई!"

*

दिवस संपत आले. शुभांगी रिकाम्या बाटल्या पुन्हा पुन्हा उन्हात धरून बघायची. मला फार वाईट वाटायचं. आणि गावानं काय करावं? नर सापडायच्या आधीच आमचा सत्कार ठेवला! झाडीच्या कडेलाच मंडप. गावचे पुढारी अण्णा फेटा बांधून माइकवर. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडेपर्यंत ते पुढचं वाक्य बोलत नाहीत.

अचानक शुभांगी खुर्चीतून उठली. अण्णांच्या फेट्यावर काहीतरी चंदेरी बसलं होतं!

"अण्णा, हलू नका!"

जाळी घेऊन ती फेट्याशी वाकली. नराचे दोन्ही डोळे एकमेकांना चिकटलेले असतात, मादीचे नसतात.

"चिकटलेत!" ती कुजबुजली. "सर, चिकटलेत!"

आणि जाळी खाली आली, थेट अण्णांच्या गळ्यापर्यंत! माशी आत, अण्णाही आत! सगळ्या मंडपाचे हात टाळ्यांसाठी वर गेले.

अण्णांनी मान तसूभरही न हलवता, जाळीच्या आतूनच माइकवर सांगितलं, "मंडळी, जन्मात पहिल्यांदा सांगतोय. कुणी टाळ्या वाजवू नका. नर बसलाय!"