राघोला सापडलेला आकडा

कोपरीच्या मिठागरावर राघोला सगळे दौतवाला म्हणत. हे त्याला कुणी चिडवायला ठेवलेलं नाव नव्हतं, ती त्याची चांगली सरकारी नोकरी होती. मिठाच्या राशी मोजल्या की कारकुनाने तिथेच, बांधावर उभं राहून, शाईने नोंद करायची असा खात्याचा नियम होता. कारकुनाच्या एका हातात वही, दुसऱ्या हातात टाक. मग दौत धरायची कुणी? तर राघोने. कारकुनाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, दौत छातीशी धरायची, खाडीवरून वारा सुटला की तळव्याने झाकायची आणि टाक यायला लागला की झटकन हात काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. पांढऱ्याशुभ्र राशीवर शाईचा एक शिंतोडा पडला की मीठवाले काय काय बोलतात ते ज्याने ऐकलंय, त्यालाच त्यातली मेख कळेल.

ही नोकरी त्याला मिळाली ती खांद्यामुळे. तरणाबांड असताना मिठाची टोपली डोक्यावर घेऊन तो चिंचोळ्या बांधावरून घसरला, खांदा निखळला आणि वैदूने बसवला तो वाकडाच बसला. तेव्हापासून ओझं उचलणं बंद झालं. आगरी घरातल्या माणसाने ओझं उचलायचं नाही म्हणजे करायचं तरी काय? मिठागराचे कारकून गोपीनाथराव टिपणीस टेंभी नाक्याजवळ राहायचे. त्यांनी साहेबाकडे शब्द टाकला आणि राघोच्या कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा आला. त्याची बायको आवडाबाई तो बिल्ला चिंचेने असा घासायची की उन्हात त्याच्याकडे बघवत नसे.

आता राघोचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं. एखादी वस्तू आतून कशी चालते हे कळलं नाही तर या माणसाला अन्न गोड लागत नसे. पाहुण्याने आणलेलं कुलूप, भजनी मंडळाची पेटी, स्टेशनवरचा कंदील, काहीही असो, हा त्याभोवती घुटमळायला लागायचा. एकदा तर मोजणीच्या ऐन दिवशी त्याने तराजूची दांडी सोडवून ठेवली होती. गावात कुणी नवी वस्तू आणली की आधी राघोपासून लपवायचा आणि मग बाकीच्यांना दाखवायचा.

अठराशे अठ्ठ्याण्णव साली मीठखात्याचा गोरा साहेब बदलून गेला. जाताना त्याने आपलं जुनं फाउंटन पेन गोपीनाथरावांना दिलं. देण्यात फार मोठेपणा नव्हता, कारण ते फरशीवर पडून त्याच्या निबचं टोक मोडलं होतं. पण गोपीनाथरावांना कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मिठागरावर आणलं, रुमालातून सोडवलं आणि राघोला म्हणाले, "याच्या पोटातच शाई राहते. आणि निब सोन्याची, म्हणजे खाऱ्या हवेत गंजायची नाही."

राघोचे डोळे विस्फारले. काळंकुळकुळीत, गुळगुळीत, कुठे सांधा दिसेना आणि पोटात शाई. शाई उतरते कशी? उतरते तर मग भळाभळा सगळी का उतरत नाही? आडवं धरलं तर काय होतं? त्याने प्रश्नांचा नुसता भडिमार केला, गोपीनाथरावही हौसेने सांगत गेले आणि त्या भरात बोलून गेले की नवी निब बसली म्हणजे दौतीची कटकट कायमची मिटली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना दिसत होतं ते पेन. त्यांच्या शेजारी दौत धरून उभा असलेला माणूस त्या घटकेला त्यांना दिसलाच नाही.

राघोला मात्र नीट ऐकू आलं होतं. घरी जाऊन त्याने आवडाबाईला पेनाचं वर्णन हातवारे करून सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो टाक चालला का तुमचा हात मोकला झाला. मोकल्या हाताला पट्टा कोन देनार?"

राघो हात धुऊन जेवायला बसला. बायकोचं बोलणं खरं होतं. वाकड्या खांद्याच्या माणसाला दुसरी नोकरी कुठे ठेवली होती? पण खरं सांगायचं तर त्या रात्री त्याला झोप लागली नाही ती पट्ट्याच्या काळजीने नव्हे. शाई सगळी एकदम का सांडत नाही, याचा तो विचार करत पडला होता.

गोपीनाथरावांनी मुंबईला कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका दुकानाला पत्र टाकलं. दुकानदाराचं उलट टपाली उत्तर आलं की निब आहे, पण कुठल्या नंबरची पाठवू ते कळवा. झालं, दोघं नंबर शोधायच्या मागे लागले. मोजणीच्या मधल्या सुट्टीत राशीच्या सावलीला बसायचं आणि पेन उलटंसुलटं करायचं. गोपीनाथरावांनी वडिलांचं भिंग आणलं. टोपण बघितलं, पोट बघितलं, मोडकी निब बघितली, पण आकडा म्हणून काही दिसेना.

मग दोघांनी मिळून डोकं चालवलं. बोरू जाड की बारीक हे कशावरून ठरतं? त्याच्या रेघेवरून. टाकाच्या निबांचंही तेच. म्हणजे नंबर हा रेघेच्या जाडीचाच असणार. गोऱ्या साहेबाच्या जुन्या सह्या काढल्या, भिंगाखाली धरल्या. रेघ बारीक होती. एक नंबर म्हणजे केसासारखी असेल, तीन म्हणजे जाडी, तेव्हा ही दोनच, असं राघोने छातीठोकपणे सांगितलं आणि गोपीनाथरावांनाही ते पटलं. दोन नंबरची निब मागवली गेली.

ती आली त्या दिवशी मोजणी अंमळ उशिरानेच सुरू झाली. मोडकी निब पेनात घट्ट बसली होती, पण तिच्या शेजारी नवी धरताच दोघांचे चेहरे पडले. नवी निब म्हणजे बापाशेजारी उभं केलेलं तान्हं पोर. टोक हवं तेवढंच नाजूक, पण अंग निम्मं. पेनाच्या तोंडात ती गेली असती आणि सुपारीसारखी आत खुळखुळत राहिली असती. रेघेशी नंबराचा काही संबंधच नव्हता, नंबर होता निबच्या अंगाचा.

तेवढ्यात राघोने ती चिमुकली निब उन्हात तिरपी धरली आणि तो उडालाच. निबच्या बुडाशी, जो भाग पेनाच्या मानेत जाऊन लपतो तिथे, इंग्रजी दोनचा आकडा ठोकलेला होता. राघोला अक्षरं येत नव्हती, पण रेल्वेच्या वाघिणींवरचे इंग्रजी आकडे बघून बघून ते त्याला पाठ झाले होते. म्हणजे मोडक्या निबवरही आकडा होता. त्याच जागी, आत, मानेत. इतके दिवस ते बाहेरून शोधत होते आणि तो आत बसून होता!

गोपीनाथरावांनी निब ओढून बघितली, फडक्यात धरून पिळून बघितली. जुनी शाई आत वाळून दगड झाली होती. जोर करावा तर पेनच तडकायचं. शेवटी ते वैतागले. त्यांनी पेन राघोच्या हातात दिलं, म्हणाले की नेऊन दे पोरांना खेळायला, आपल्याला दौतच बरी, आणि टाक घेऊन मोजणीला उभे राहिले.

राघोच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली असती. पेन मेलं होतं, पट्टा वाचला होता, आणि वर पेनही त्याचंच झालं होतं. आवडाबाईने खरोखरच साखर ठेवली.

पण मोजणीच्या सुट्टीचा दिवस उजाडला आणि राघोच्या हाताला चैन पडेना. शाई वाळली आहे ना, मग ती भिजेलही, एवढीच त्याची अक्कल. त्याने विहिरीचं गोडं पाणी कोमट केलं, वाटीत ओतलं आणि पेनाची मान त्यात बुडवून अंगणात उकिडवा बसला. पाण्यात निळी धार सुटली. त्याने पाणी बदललं. पुन्हा निळं झालं. तिसऱ्यांदा बदललं. आवडाबाई येता-जाता बघत होती आणि भांडी जरा जास्तच आपटत होती. दुपार कलायला लागली तेव्हा त्याने निब ओल्या फडक्यात धरली आणि जराशी हलवली. हलली! श्वास रोखून त्याने ती तसूतसूने बाहेर घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली, उन्हात धरली.

बुडाशी चार होता.

राघो ओरडलाच. कोंबड्या पळाल्या. उभ्या ठाणे शहरात, किंबहुना कल्याणपर्यंत, ही गोष्ट त्या क्षणी फक्त त्याला माहीत होती. आनंदाने त्याला बसवेना, उठून त्याने अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग दारात उभ्या असलेल्या आवडाबाईकडे त्याची नजर गेली आणि तो थांबला. तिने फक्त खुंटीवरचा पट्टा काढला, पुन्हा एकदा पुसला आणि परत लावून ठेवला. राघोने निब चंचीत, तंबाखूच्या कप्प्यात टाकली. सांगायचं नाही, त्याने स्वतःला बजावलं. कुणी विचारलंय? कुणी नाही. मग सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दौत घेऊन उभा राहिला. समोर मापाडी गणू मीठ मोजत होता आणि मापागणिक खड्या आवाजात आकडा म्हणत होता. एक झाला, दोन झाला, तीन झाला. चार म्हटलं की राघोची नजर कमरेच्या चंचीकडे जायची. रास संपली की मोजणी नव्याने एकपासून, आणि पुन्हा चार यायचाच. चंचीतली निब कमरेला टोचतेय असं त्याला वाटायला लागलं. दौत हलली, गोपीनाथरावांचा टाक चुकून काठावर आपटला. त्यांनी बरं नाही का म्हणून विचारलं. राघोने बरं आहे म्हणून मान हलवली. पट्टा गेला तर आपण उन्हात बसलेले म्हातारे होऊ हे त्याला साफ दिसत होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती. तरीही गणूने पुढच्या राशीचं चौथं माप ओतलं, "चार झाला" म्हटलं, आणि राघोचं तोंड गोपीनाथरावांपुढे उघडलं.

"भाऊ, त्याचेवर पन चारच हाय."

गोपीनाथरावांना आधी काही उमगेना. राघोने दौत गणूच्या हातात कोंबली, चंची उलटी केली, तंबाखूसकट निब तळहातावर घेतली आणि बोलत सुटला. कोमट पाणी, निळी धार, ओलं फडकं, सगळं एका दमात. गोपीनाथरावांनी आकडा बघितला आणि वही बगलेत मारून त्याला मिठीच मारली. भर बांधावर, कारकुनाने दौतवाल्याला! मोजणारे, वाहणारे सगळे भोवती गोळा झाले आणि राघोने प्रत्येकाला आकडा दाखवला.

चार नंबरची निब आली ती बोटात अंगठी बसावी तशी बसली. गोपीनाथरावांनी पेनाच्या पोटात शाई भरली आणि एका दमात अख्ख्या राशीची नोंद केली, मध्ये कुठे थांबणं नाही, बुडवणं नाही. सगळ्यात मोठ्याने हसत होता तो राघो. दौत त्याने बांधावर कुठेतरी ठेवून दिली होती आणि दोन्ही हातांनी वहीचं पान वाऱ्याला धरून ठेवलं होतं.

मोसम संपायच्या आत नवा अंमलदार पाहणीला आला. पेन बघून खूश झाला आणि दौतीचा माणूस कशाला हवा म्हणून त्याने विचारलं. गोपीनाथरावांनी पुष्कळ रदबदली केली, पण त्यांच्याच हातातलं पेन त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं. राघोला पट्टा परत करावा लागला. बिल्ला कचेरीच्या मेजावर ठेवताना तो रडला, अगदी लहान मुलासारखा, आणि त्याने ते लपवलंही नाही. आवडाबाईने त्याच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं. पट्टा येण्याआधीसारखी ती पुन्हा मीठ वाहायला जाऊ लागली आणि तो बांधाला भगदाडं पडू नयेत म्हणून राखण करायच्या किरकोळ कामाला लागला.

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी गोपीनाथराव त्याच्या घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ विषय टाळत राहिले. मग म्हणाले, "राघो, मी तर ते पेन टाकून दिलं होतं रे. तू बोलला नसतास तर मला जन्मात कळलं नसतं. का सांगितलंस?"

आवडाबाई दाराआड थांबली. हे तिलाही विचारायचं होतं.

राघोने थोडा विचार केला. आपण काही मोठं केलं असं त्याला वाटत नव्हतं, आणि मूर्खपणा केला असंही म्हणवत नव्हतं.

"मना समाजला व्हता ना, भाऊ," तो म्हणाला. "समाजलेला पोटान कसा ठेवाचा?"

गोपीनाथराव पाण्याचं रिकामं भांडं हातात फिरवत राहिले. राघो मात्र त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघत होता. तिथे पेनाखाली निळा डाग पडला होता, ताजा, ओला. तो हळूच पुढे सरकला.

"गलते का?" त्याने विचारलं, आणि हात पुढे केला.