मिटलेल्या शिंपल्या

नर्मदेकाठच्या एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात आम्ही नवराबायको दगड झालेल्या शिंपल्या वेचत होतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. आज इथून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडीत जातो. मी हाताला लागेल ती शिंपली उचलत होतो. बायको मात्र रत्नागिरीची. बाजारात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, निवडून घेण्यात तिचं बालपण गेलेलं. तिने माझ्या पिशवीत डोकावलं आणि अर्धा माल परत वाळूत टाकला.

"अहो, तोंड उघडलेल्या कशाला घेता? मेलेल्या असतात त्या."

मी मोठ्याने हसलो, आणि हसता हसताच थांबलो. जीव गेला की शिंपलीची पकड सुटते, ती उघडते. त्या समुद्रातही हे असंच असणार. म्हणजे या मिटलेल्या शिंपल्या जिवंतपणीच गाळाखाली गेल्या. समुद्र निघून गेला, वरून लाव्हा वाहिला, त्याचे डोंगर झाले. यांनी दार काही उघडलं नाही.

तेवढ्यात तिने एक गच्च मिटलेली शिंपली पदराने पुसली, सवयीने नाकाशी नेली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही घ्या," ती म्हणाली. "ताजी आहे."