तोरणमाळचं शून्य

नंदुरबारच्या आमच्या सीए ऑफिसात कुणी कुठल्या ऑडिटला जायचं हे साहेब चहा पिता पिता ठरवायचे. मला ते बघवायचं नाही. एम.कॉम.ला शिकलेली रीत डोक्यात ताजी होती, म्हणून एका सप्टेंबरात मी कोष्टक आखलं. ओळींत माणसं, रकान्यांत गावं, प्रत्येक घरात त्या माणसाला तिथं मागच्या खेपेला लागलेले दिवस. प्रत्येक ओळीतून तिचा सगळ्यात लहान आकडा वजा करायचा, मग रकान्यांतूनही तसंच. हळूहळू शून्यं उगवतात. ज्याचं शून्य जिथं, तो तिथं जाणार. दुपारी पंख्याखाली त्या शून्यांकडे बघताना मला गुंगी यायची. सगळं जग आपोआप जागेवर बसतंय असं वाटायचं. शहाणपणाची हौस, दुसरं काय!

ऑफिसात एक मुलगी होती, मूळची सातपुड्यात घाटावर असलेल्या तोरणमाळची. पावरी तिची घरची बोली, त्यामुळे तिथल्या सोसायटीचं काम ती चटकन उरकायची. साहजिकच तोरणमाळचं शून्य दर वर्षी तिच्या ओळीत. तिला हवं होतं शहरातल्या मिरची व्यापाऱ्यांचं ऑडिट. ते केल्याशिवाय आमच्याकडे कुणाला वरची जागा मिळत नाही. तिनं विचारलं तेव्हा मी मान वर न करता सांगितलं, की कोष्टकच ठरवतं.

"दादा, शाळापासून मी खाल उतरानी धडपड करी ऱ्हायनू," ती ऑफिसात सगळे बोलतात त्या अहिराणीत म्हणाली, "आनि तुमनं कोष्टक मले परत वर लयी जास."

त्या वर्षी तिला तोरणमाळला दोनाऐवजी सात दिवस लागले. पुढच्या वर्षी तिचं शून्य सरकून मिरचीच्या रकान्यात गेलं, आणि तोरणमाळ माझ्या गळ्यात पडलं.

घाट चढताना ढग बसच्या खिडकीतून आत आले. वर पोचलो ते अर्धवट झोपेतच. पावरीचा एक शब्द येत नव्हता, सभासदांना काय विचारावं कळेना. नऊ दिवस गेले. एका दुपारी सोसायटीचे सचिव मला तळ्याकाठी घेऊन गेले आणि सहज म्हणाले, ताईंचं काम मागच्या वर्षीही दोनच दिवसांत झालं होतं. पुढचे पाच दिवस त्या इथंच या दगडावर बसून होत्या.

मी त्याच दगडावर बसलो. पाण्यावर धुकं सरकत होतं, पलीकडचा काठ दिसायचा, पुसला जायचा. एका हुशार मुलीनं पाच दिवस इथं बसून स्वतःला मठ्ठ ठरवून घेतलं होतं, माझ्या एका कोष्टकापायी. मला मनापासून लाज वाटली. माझे नऊ दिवस लिहिले, तर पुढच्या वर्षी शून्य पुन्हा तिच्याकडे जाणार, हे गणित मला बसल्या बसल्या सुटलं.

परतल्यावर साहेबांना सांगितलं, काम दोनच दिवसांचं होतं, बाकीचे दिवस घाट बंद होता. माझ्या ओळीत, तोरणमाळच्या घरात, मी दोन लिहिले. आयुष्यातला पहिला खोटा आकडा.

पुढच्या सप्टेंबरात कोष्टक भिंतीवर लागलं. माझ्या ओळीतल्या तोरणमाळच्या दोनावर तिनं बोट ठेवलं. तिचं शून्य मिरचीतच होतं. मग माझ्या टेबलाशी आली.

"दादा, तुमले पावरी बोलता येस का?"

"नही," मी म्हणालो, "शिकी लिसू."

तिनं खुर्ची ओढली आणि पहिला शब्द सांगितला.