माझे तळपाय आणि ती पांढरी गोळी

आमच्या पनवेलच्या डॉक्टरांनी मला फसवलं. माल खोटा दिला म्हणून नव्हे. माल खरा होता. त्याच गोळ्यांनी माझी छाती बरी झाली आणि म्हणून तर आज बसून मी त्यांच्याविरुद्ध लिहू शकतो. फसवलं ते असं, की मी खरं बोलत होतो आणि त्यांनी ते खोटं धरलं. माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या आयुष्यात खरं बोलण्याचे प्रसंग मोजकेच येतात. त्यातला एक असा वाया गेला.

माझा धंदा भाताचा. खेड्यांतून भात घ्यायचं आणि गिरणीला घालायचं. वडिलांनी मागे काही ठेवलं नाही. बंदरावर पोती वाहिली आणि तिथून वर आलो. शाळा चौथीपर्यंत. जे काही ज्ञान होतं ते सगळं तळपायांत होतं. हे मी नम्रपणे सांगत नाही. खळ्यावर वाळत घातलेलं भात बघायला बाकीचे व्यापारी यायचे, मूठभर दाणे उचलायचे, एक दाताखाली धरायचे आणि तो टच्च वाजला की मान डोलवायचे. कुठली मूठ त्यांच्यापुढे करायची हे शेतकरी आधीच ठरवून ठेवायचा, एवढं त्यांच्या लक्षात यायचं नाही. मी पायातलं काढून खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भात तुडवत जायचो. सुकं भात तळव्याला टोचतं, बोलतं, पायाखालून पळतं. ओलं भात गप्प बसतं, थोडं गार लागतं आणि बोटांच्या बेचक्यात अडकून राहतं. आंब्याच्या सावलीतला कोपरा असो, की मधल्या थरात दडवलेला ओला भाग असो, पायाला सगळं कळायचं. पनवेलजवळच्या नेऱ्याकडचे लोक मला लांबून पाहिलं की म्हणायचे, "आला बग पायांनी भात चावनारा!" असला मान पैसे देऊन मिळत नाही.

मग मला क्षय झाला. स्वातंत्र्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती आणि या रोगावर नवी गोळी निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "शेठ, दहा वर्षांपूर्वी आला असतात तर तुम्हाला हवापालट सांगितला असता आणि वहिनींना धीर दिला असता." असे गोड बोलणारे. गोळी लहानशी, पांढरी. तिच्यासोबत मळमळ आणणारं दुसरं एक औषध. दोन्ही रोज घ्यायची, दीड वर्षं.

"दीड फार होतं," मी म्हटलं. "सहा महिन्यांत बसवा."

"इथे घासाघीस चालत नाही."

"बरं, एक वर्ष."

"दीड."

सांगितलेल्या आकड्यावरून तसूभर न हललेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. तिथे माझं पहिलं चुकलं.

माझ्या गाळ्याशेजारी एका कोकणी मुसलमानाचं कापडाचं दुकान होतं. मी त्याला भाई म्हणायचो. त्यालाही थोड्याच दिवसांत हाच रोग निघाला. माझ्याकडून त्याला गेला की त्याच्याकडून मला आला, यावर आम्ही पुष्कळ भांडलो. डॉक्टर तेच, गोळी तीच, माप तेच. दोघं एकाच बाकावर बसून आपापली पुडी घेऊन यायचो.

तीन-चार महिन्यांत खोकला गेला. ताप गेला. वजन वाढायला लागलं. छाती सुधारत गेली तसतसे पाय बिघडत गेले. आधी मुंग्या. मग आग, अशी की थंडीतसुद्धा पांघरुणाबाहेर पाय काढून ओल्या फरशीवर टेकावेत. आणि मग पाय आणि जमीन यांच्यामध्ये कुणी गोधडी घातल्यासारखं वाटायला लागलं. एकदा बाजारातून घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, दुसरी कुठाय?"

"दुसरी कोण?" मी दचकून विचारलं.

"चप्पल हो! एकाच पायात आहे."

अख्खा बाजार मी एका चपलेनं ओलांडला होता आणि मला पत्ता नव्हता. लोकांनी मात्र पाहिलं होतं. शेठ दिवसाढवळ्या प्यायला लागले, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

मी भाईला विचारलं, "तुझे पाय जळतात का रे?"

"नाय शेठ. भूक तेवढी वाढली. घरात म्हनतात, गोळी बंद करा, नायतर त्या शेठकडून तांदूळ फुकट आना."

मग मी डॉक्टरांकडे गेलो. आता इथलं नीट वाचा, कारण सगळा दावा इथेच आहे. सौद्याचा साधा नियम असा, की पाच हवे असतील तर दहा मागायचे. समोरचा दोन म्हणतो आणि पाचावर तुटतं. शहाण्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मला डॉक्टरांनी माझे पाय पाहायला हवे होते. म्हणून मी सांगितलं, की पाय जळतात, गुडघ्यापर्यंत जळतात, हातही जळतात, कानात घुमतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दात हलतात. माझा हिशेब असा, की ते दात सोडायला लावतील, कान सोडायला लावतील आणि शेवटी पायांवर येऊन थांबतील.

त्यांनी माझा हात घेऊन टाचणी टोचली. मी खुर्चीतून उडालो. त्यांनी कानात पाहिलं, डोळ्यांत पाहिलं, तोंड उघडायला लावून एकेक दात हलवून पाहिला. मग बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असे हसले.

"शेठ, हात शाबूत. कान शाबूत. या दातांनी तुम्ही अजून वीस वर्षं लोकांना खाल. ते भाई हीच गोळी घेतात, त्यांची काही तक्रार नाही. औषध सगळ्यांना सारखंच असतं. तुम्हाला दिडाचं एक वर्ष करून हवंय, एवढं सरळ सांगा की!"

"डॉक्टर, पण पाय..."

"मालात खोड काढायची सवय दुकानात ठेवून येत जा. गोळी सोडलीत तर मराल, हे आत्ताच सांगून ठेवतो. चला, पुढचा!"

पाय टेबलाखाली होते, जोड्यांसकट.

बायको म्हणाली, "त्या गोळ्या बंद करा." पण मरणाच्या आकड्यावर मला घासाघीस येत नव्हती. मेलेल्या माणसाच्या तळव्यांना तरी कोण भाव देतो? मी दीड वर्षं पुरी केली. एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि पेढे मागितले. मी पेढे दिले. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्या हंगामात मी नेऱ्याला गेलो. खळं भरलेलं होतं. ज्याचं भात होतं तो म्हातारा कडेला विडी ओढत बसला होता. मी जोडे काढले आणि चालायला लागलो. काही टोचेना, काही बोलेना. सुकं की ओलं, काही कळेना. लाकडाच्या पायांवर चालणारा माणूस आणि मी, फरक एवढाच की लाकडाला लाज वाटत नाही. चार लोक बघत होते. खाली वाकून दाणा तोंडात टाकावा, तर इतकी वर्षं ज्यांना हसलो त्यांच्याच पंगतीत बसायचं! मी तोंडावरची रेघ न हलवता दुसऱ्या टोकापर्यंत गेलो.

म्हातारा म्हणाला, "शेठ, रगात येतंय तुमच्या पायातना. लागला काय?"

मागे वळून पाहिलं तर भातावर लाल ठिपक्यांची ओळ होती. विळ्याचं मोडकं टोक टाचेत घुसलं होतं.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. आणि मला माहीत नाही हे त्याला कळलं. त्यानं विडी विझवली, उठून उभा राहिला आणि त्याच पावली भाव वाढवला.

"भात सुका हाय ना, शेठ?"

"सुकं आहे," मी म्हटलं.

मी भाव खाली आणायला तासभर भांडलो, पण मालाबद्दल एक शब्द काढू शकलो नाही. आठ दिवसांनी वखारीत पोत्यावर हात ठेवला तर पोतं आतून तापलेलं. कुबट वास. तांदूळ पिवळा निघाला. हात शाबूत होते ना, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यामुळे तेवढं मला व्यवस्थित कळलं. पुढच्या साली कुठल्याही खळ्यावर गेलो की शेतकरी आदरानं उठायचे. "या शेठ, काडा पायातला. फिरा सावकाश, आमाला काय घाय नाय." तीन हंगाम असे काढले आणि मग मी खळ्यांवर जाणं सोडून दिलं. दलालाकडून भात घ्यायला लागलो. म्हणजे मी ज्यांना आयुष्यभर लुटारू म्हणत आलो, त्यांचं गिऱ्हाईक झालो.

पुढे काही वर्षांनी टाचेला जखम झाली आणि ती भरेना. गावात एक तरुण डॉक्टर नव्यानं आला होता. त्यानं न सांगता माझे जोडे स्वतःच्या हातानं काढले, डोळे मिटायला लावले आणि बोटागणिक टाचणी टोचत विचारत गेला. मग म्हणाला, "क्षयाची गोळी घेतली होती का?"

त्यानं समजावलं ते असं. औषध पोटात गेलं की यकृत ते मोडून निकामी करतं. काहींचं यकृत हे काम झपाट्यानं करतं, काहींचं सावकाश. सावकाशवाल्यांच्या अंगात ही गोळी साचत जाते, छातीला गुण देते आणि पायांच्या जाणिवेच्या शिरा मारते. सोबत एका जीवनसत्त्वाची साधी गोळी दिली असती, तर बहुधा पाय वाचले असते. भाई झपाट्यानं मोडणाऱ्यांतला असावा, मी सावकाश मोडणाऱ्यांतला.

"सावकाश?" मी ओरडलो. "मी? अहो, मी जन्मात कुठलं काम सावकाश केलेलं नाही!"

"हे जन्मतःच असतं, काका. आईवडील दोघांकडून येतं."

म्हणजे वडिलांनी काही ठेवलं नाही ही माझी जन्माची तक्रारही खोटी निघाली. ठेवलं होतं, आणि आईनंही त्यात भर घातली होती.

तिथून मी तडक जुन्या डॉक्टरांच्या घरी गेलो. ते आता दवाखाना बंद करून ओटीवर वर्तमानपत्र वाचत असतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठ, तेव्हा हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? जगलात ना?" आणि पान उलटलं.

जगलो. कबूल. यकृताचं त्यांना ठाऊक नव्हतं, तेही कबूल. माहीत नसलेल्या मालाचा जाब मी कुणाला विचारत नाही. पण टेबलाखाली वाकायला कुठली विद्या लागते? मी दहा सांगितले होते, डॉक्टर. तुम्ही आठ म्हणायचे, पाच म्हणायचे, निदान एक तरी म्हणायचा. तुम्ही शून्य कसं म्हणालात? त्या दिवशी मला जोडे काढायला का नाही लावलेत? वर्तमानपत्र खाली ठेवा आणि याचं उत्तर द्या.